गोल्डन कॉकर चावरा, चॉकलेटी लॅब वेडा? रंगावरून कुत्र्याचा स्वभाव किती कळतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: दादरला इमारतीत दोन बेडरूमचं घर, घरात सहा वर्षांची मुलगी आणि आजी. इंग्लिश कॉकर स्पॅनियल किंवा लॅब्रॅडॉर आणायचं ठरतंय. एकाने बजावलं, गोल्डन कॉकर आणू नका, तो मालकालाच चावतो. दुसरा म्हणाला, चॉकलेटी लॅब जन्मभर वेड्यासारखा उधळतो, काळाच घ्या. विकणारा सांगतो की रंगाचा आणि स्वभावाचा काडीचा संबंध नाही, आणि त्याच दमात 'क्रीमवालं पिल्लू शांत असतं' म्हणून त्याचे जादा पैसे मागतो. यात खरं किती?

रंगामुळे स्वभाव बनतो, याला आधार नाही. पण काही जातींत ठरावीक रंग आणि ठरावीक खोडी एकत्र सापडतात, हे मोजलं गेलेलं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या एकत्र का सापडतात हे कळलं, की रंगाकडे कधी बघायचं आणि कधी डोळेझाक करायची ते ठरवता येतं.

आधी कॉकर, कारण त्याच्याबद्दलची कुजबुज हवेतून आलेली नाही. १९९६ साली पॉडबर्सेक आणि सर्पेल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या हजारावर कॉकर-मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली. कुत्रा कोणावर गुरगुरतो, कशावरून दात दाखवतो, चावतो का, असे प्रश्न होते. अंगभर एकच रंग असलेले कॉकर पांढऱ्यावर डाग असलेल्या, म्हणजे पार्टी-कलर कॉकरपेक्षा जास्त आक्रमक निघाले. एकरंगींतही लाल-सोनेरी कुत्रे काळ्यांच्या पुढे होते. २००६ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी सात आठवड्यांच्या पिल्लांची चाचणी घेतली, तिथेही क्रम तोच आला: सोनेरी, मग काळा, मग पार्टी-कलर. नर माद्यांच्या पुढे. दोन वेगळे देश, दोन वेगळ्या पद्धती, एकच क्रम. तेव्हा 'सगळी अफवा आहे' असं म्हणून विषय झटकता येत नाही.

पण आता रंगाच्या जनुकाकडे बघा. कॉकरचा सोनेरी रंग एमसी१आर नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे येतो. हे जनुक केसांत काळं रंगद्रव्य बनवायचा निरोप पोचवतं. आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली, अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की निरोप पोचत नाही आणि केस पिवळे-तांबूस राहतात. हाच बिघाड पिवळ्या लॅबमध्येही असतो आणि झाडून सगळ्या गोल्डन रिट्रीव्हरमध्येही. या जनुकामुळे कुत्रा चावरा होत असता, तर सोसायटीतली पोरं ज्याच्या अंगावर लोळतात तो गोल्डन रिट्रीव्हर मुंबईतला सगळ्यात धोकादायक कुत्रा ठरला असता. म्हणजे कॉकरमध्ये जे दिसलं त्याचं कारण रंगाच्या जनुकात नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

ते कुळात आहे. कॉकरची एकरंगी आणि पार्टी-कलर घराणी ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारे लोक, पूर्वापार वेगळी ठेवतात. एकरंगी कॉकरच्या छातीवर लहानसा पांढरा डाग खपतो, त्याहून जास्त पांढरं प्रदर्शनात चालत नाही; म्हणून या दोघांची जोडी सहसा लावलीच जात नाही. अशा बंदिस्त घराण्यात एखादा देखणा, बक्षिसं मिळवलेला नर पन्नास माद्यांना लागला आणि तो तोंडातली वस्तू कोणी काढायला गेलं की फाडायला उठणारा असला, तर ती खोड दोन-तीन पिढ्यांत त्या रंगाच्या कितीतरी पिल्लांत उतरते. लोकांना डोळ्यांनी दिसतो तो रंग, मग नावही रंगाचंच होतं. रंग म्हणजे फार तर आडनाव: त्यावरून गाव कळेल, माणूस तापट आहे की नाही ते कळणार नाही.

आणि मुंबईत हे आडनावही विश्वासाचं नाही. १९९० च्या आसपासची ब्रिटनमधली घराणी वेगळी, इथे येणाऱ्या पिल्लांचे आईबाप वेगळे. त्यातली बरीच पिल्लं बाहेरगावच्या ब्रीडरकडून येतात, कागद नसतात, मधल्या माणसाला बापाचा पत्ता नसतो. ब्रिटनमधल्या सोनेरी कॉकरचा निष्कर्ष अशा पिल्लावर लादण्यात काही हशील नाही.

लॅबमध्ये हेच गणित आणखी स्वच्छ दिसतं. काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे तिन्ही रंग दोन जनुकांच्या खेळातून येतात. एक वरचं एमसी१आर, दुसरं टीवायआरपी१, जे काळ्याचं चॉकलेटी करतं. दोन काळे लॅब, दोघांकडेही पिवळ्या आणि चॉकलेटी रंगाची एकेक लपलेली प्रत, अशी जोडी लावली तर सोळा पिल्लांमागे सरासरी ९ काळी, ४ पिवळी आणि ३ चॉकलेटी होतात. एकाच वेतातली सख्खी भावंडं, एकच आई, एकच दूध, एकच खोली. अशा वेतात 'पिवळं शांत, चॉकलेटी वेडं' असं रंगावरून सांगणारा माणूस अंदाजच मारत असतो. रंगांची तुलना करायची तर अशाच वेतात करायला हवी, आणि लोक तुलना करतात ती परळच्या काळ्या लॅबची ठाण्याच्या चॉकलेटी लॅबशी.

तरीही चॉकलेटीबद्दलचा बोलवा पूर्ण खोटा नाही. २०१४ साली एडिनबरा विद्यापीठाच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमधल्या लॉफग्रेन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या जवळजवळ दोन हजार लॅबच्या मालकांची उत्तरं तपासली. चॉकलेटी कुत्रे काळ्यांपेक्षा जास्त उत्तेजित होणारे आणि दुर्लक्ष केलं की जास्त अस्वस्थ होणारे निघाले. शिकण्याच्या तयारीत ते काळ्या आणि पिवळ्या अशा दोघांच्याही मागे होते. पण आवाजाची भीती त्यांच्यात दोघांपेक्षा कमी आढळली. दिवाळीच्या आठवड्यात मुंबईतल्या घरात ही बाजू लहान नाही. चॉकलेटीची निंदा करणारे ती मात्र सांगत नाहीत.

त्याच अभ्यासात शिकारीच्या कामासाठी पाळलेले लॅब आणि घरात पाळलेले लॅब यांच्यातही फरक दिसला. कामाचे कुत्रे शिकायला जास्त तयार आणि कमी भित्रे. आता हे लक्षात घ्या की शिकारीच्या कामाच्या घराण्यांत परंपरेने काळ्याला मान आहे, चॉकलेटी तिथे कमी. म्हणजे पुन्हा रंगाआडून घराणंच बोलत असण्याची शक्यता मोठी. शिवाय चॉकलेटी गुणसूत्रात दबून राहणारा रंग आहे. दोन चॉकलेटींना काळं पिल्लू होतच नाही, म्हणून चॉकलेटीच हवा असलेला ब्रीडर चॉकलेटीला चॉकलेटी लावत राहतो आणि गोतावळा आक्रसत जातो. त्या आक्रसलेल्या गोतावळ्यातले दुसरे गुण-दोषही रंगासोबत प्रवास करतात.

याचा एक पुरावा तब्येतीत सापडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या दवाखान्यांतल्या लॅबच्या नोंदी तपासल्या. चॉकलेटी लॅबचं मध्यक आयुष्य, म्हणजे ज्या वयाआधी निम्मे कुत्रे जातात ते, १०.७ वर्षं, बाकी दोन रंगांचं १२.१ वर्षं. कानाचे आजार आणि हॉट स्पॉट, म्हणजे खाजवून-चाटून पाणावलेले लाल चट्टे, हे चॉकलेटींत ठळकपणे जास्त होते. जून ते सप्टेंबर मुंबईत लॅब पाळलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. ज्याचा कान आतून आग आग करतोय आणि मांडी खाजतेय तो कुत्रा रात्री झोपत नाही, दर दहा मिनिटांनी उठतो, जवळ येऊन ढोसतो, सकाळी पट्टा लावताना उसळतो. मालक म्हणतो, हायपर आहे. प्रश्नावलीत खूण पडते 'उत्तेजित'. चॉकलेटीच्या सगळ्या उधळेपणाचं मूळ कानात आहे असं नाही, पण वागणुकीवर शिक्का मारण्याआधी कान, त्वचा आणि सांधे तपासून घेतलेच पाहिजेत.

रंगद्रव्य आणि मेंदू यांचा थेट धागा जोडणारा एक युक्तिवाद हल्ली फार फिरतो: केस-त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिन आणि मेंदूत निरोप पोचवणारं रसायन डोपामिन, दोन्ही टायरोसीन नावाच्या एकाच पदार्थापासून बनतात, म्हणून रंग बदलला की मनही बदलतं. कच्चा माल एकच, हे बरोबर. पण त्वचेतलं काम टायरोसिनेज हे एन्झाइम करतं आणि मेंदूतलं टायरोसीन हायड्रॉक्सिलेज. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळी यंत्रं. केस पिवळे झाले म्हणून मेंदूतलं डोपामिन उरत किंवा सरत नाही.

वागणं खरोखर बदलणारं एक जनुक लॅबमध्ये सापडलं, आणि त्याचा रंगाशी संबंधच नाही, ही त्यातली गंमत. २०१६ मध्ये केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाने पीओएमसी नावाच्या जनुकातला एक तुकडा गळालेला असण्याचा दोष शोधला. सुमारे चौथ्या हिश्शाच्या लॅबमध्ये तो असतो. असा कुत्रा जास्त हावरट, जास्त जाड, आणि खाऊसाठी काहीही शिकायला तयार. अपंगांना मदत करायला शिकवलेल्या लॅबमध्ये हे प्रमाण पाऊण हिश्शाच्या आसपास निघालं. तुमच्या ताटाकडे एकटक बघत बसणारा लॅब काळा असो वा पिवळा, त्याचं कारण कदाचित इथे असेल.

कोल्ह्यांचा प्रयोगही या वादात हमखास निघतो. १९५९ पासून सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कजवळ बेल्यायेव या रशियन शास्त्रज्ञाने फक्त माणसाळलेपणा बघून कोल्हे निवडले आणि काही पिढ्यांत पांढरे डाग, लोंबते कान दिसू लागले, असं सांगतात. ते कोल्हे मुळात कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फर-फार्ममधल्या वंशाचे होते आणि पांढरे डाग तिथेच दिसत होते, हे २०१९ मध्ये दाखवून दिलं गेलं. कुत्रा निवडायला हा प्रयोग उपयोगाचा नाही.

रंगाकडे डोळे उघडे ठेवून बघायची जागा मात्र एक आहे: जिथे रंगामुळे कान, डोळे किंवा त्वचा बिघडते. आतल्या कानाला काम करायला रंगद्रव्याच्या पेशी लागतात. पांढऱ्याचं प्रमाण फार वाढलं की त्या पेशी तिथवर पोचत नाहीत आणि जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत कान कायमचा जातो. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियनपैकी साधारण ३० टक्के कुत्रे एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले, त्यातले दोन्ही कानांनी बहिरे ८ टक्के. निळ्या डोळ्यांच्या पिल्लांत धोका जास्त, जन्मतःच मोठा काळा पॅच असलेल्यांत कमी. तसंच मर्ल रंगाचं. करड्यावर फाटलेल्या ढगांसारखे गडद चट्टे असलेला हा रंग हल्ली डॅशहाउंड, पोमेरेनियन, फ्रेंच बुलडॉगमध्ये 'रेअर' म्हणून विकला जातो. दोन मर्ल एकमेकांना लावले की सरासरी चौथा हिस्सा पिल्लं डबल मर्ल होतात: बरीचशी पांढरी, आणि त्यांत बहिरेपण आणि डोळ्यांतले दोष दोन्ही भरपूर.

बहिरा कुत्रा रागीट नसतो, दचकणारा असतो. झोपेत मागून हात लावला की आधी तोंड फिरवतो. लहान मुलांच्या घरात एवढ्यावरून 'पांढरे कुत्रे चावरे' असा बोभाटा होतो. म्हणून जास्त पांढऱ्या किंवा मर्ल पिल्लाची श्रवणचाचणी करा. पिल्लू गाढ झोपेत असताना त्याच्या मागे, पाच-सहा फुटांवर, पंख्याचा वारा त्याच्याकडे जाणार नाही अशा जागी उभे राहा आणि चाव्यांचा जुडगा वाजवा. टाळी नको, तिची हवा लागते. जमिनीवर पाय आपटणं नको, हादरा कळतो. भावंडांत असताना चाचणी करूनही उपयोग नाही, दुसरी उठली की बहिरंही उठतं. तीनदा वेगवेगळ्या वेळी करा. यातून दोन्ही कानांचं बहिरेपण कळेल. एका कानाचं बहिरेपण फक्त बेअर चाचणीत, म्हणजे मेंदूपर्यंत जाणाऱ्या लहरी मोजल्यावर कळतं, आणि ती पाच आठवड्यांच्या पुढे करता येते.

दुसरा धोक्याचा रंग म्हणजे फिका केलेला. 'ब्लू' डॉबरमन, 'सिल्व्हर' किंवा 'चारकोल' लॅब, 'लायलॅक' फ्रेंची हे सगळे डायल्यूशनच्या जनुकाचे प्रकार. त्यात रंगद्रव्याचे गोळे केसाच्या काडीत साठतात, काडी मोडते, साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या दरम्यान पाठीवरचे केस विरळ होतात आणि त्वचेत वारंवार इन्फेक्शन होतं. प्रत्येक ब्लू कुत्र्याला होत नाही, डॉबरमनमध्ये प्रमाण फार मोठं आहे. मुंबईच्या दमट हवेत असा कुत्रा सतत खाजवत असतो. सतत खाजणाऱ्या प्राण्याला हात लावला आणि तो गुरगुरला, तर दोष स्वभावाचा नाही. लॅबचे मान्य रंग तीनच आहेत. 'फॉक्स रेड' आणि 'व्हाइट' या पिवळ्याच्याच छटा. त्यांसाठी जादा पैसे मोजायचे तर हौस म्हणून मोजा, स्वभावासाठी नको.

बाजारातल्या बाकीच्या दाव्यांना फार वेळ देण्यासारखं नाही. 'क्रीम गोल्डन शांत, गडद गोल्डन उधळा' यात एवढंच तथ्य की परदेशात शिकारीच्या कामाची गोल्डन घराणी अनेकदा गडद असतात. जर्मन शेफर्डमध्ये सेबल, म्हणजे केसांची टोकं काळी असलेला, रंग कामाच्या घराण्यांत जास्त आणि काळा-तांबडा प्रदर्शनाच्या घराण्यांत, म्हणून 'सेबल डेंजर' म्हणतात. सेबल रंगाचा पण प्रदर्शनी आईबापांचा कुत्रा त्याच्या काळ्या-तांबड्या भावासारखाच वागेल. पिटबुलचा 'रेड नोज' आणि 'ब्लू नोज' हा नाकाच्या रंगद्रव्याचा फरक आहे, जबड्याचा किंवा डोक्याचा नाही.

माणसाच्या नजरेबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण रंगाचा सगळ्यात मोठा परिणाम तिथेच होतो. २०१३ मधल्या एका अभ्यासात एकाच कुत्र्याचे फोटो, एकात अंग पिवळं आणि एकात काळं करून, लोकांना दाखवले. पिवळा जास्त प्रेमळ आणि स्थिर वाटला. कुत्रा तोच! काळ्या चेहऱ्यावरचे भाव अंधुक जिन्यात वाचता येत नाहीत. भुवया, ओठांचे कोपरे दिसतच नाहीत, दिसतात ते दात. मग लिफ्टमध्ये काळा लॅब आला की माणसं भिंतीला चिकटतात, मुलं किंचाळतात, वॉचमन काठी आपटतो, आणि क्रीम लॅबला तीच माणसं 'आलास का रे' म्हणून कुरवाळतात. पहिल्या वर्षात शेकडो वेळा असं घडलं की दोन भावंडांचे स्वभाव वेगळे होणारच. वर आपल्याकडे काळ्या कुत्र्याचं प्रकरण दुहेरी आहे: शनिवारी त्यालाच शोधून पोळी घालायची, भैरवाचा म्हणून हात जोडायचे, आणि घरात आणायची वेळ आली की 'काळा नको'. दत्तक शिबिरांत काळी इंडी, म्हणजे देशी, पिल्लं मागे राहत असतील तर फोटो सुधारा: फिकट भिंतीपुढे, सकाळच्या उन्हाकडे तोंड करून, पिवळा किंवा लाल पट्टा घालून, कॅमेरा पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवर. घरात काळा कुत्रा असेल तर पहिले तीन महिने भेटणाऱ्या प्रत्येकाच्या हातात खाऊ द्या आणि तो जमिनीवर टाकायला सांगा.

मग निवडायचं कशावरून? जात पाहिली की स्वभाव ठरला, असंही नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत आलेल्या मोठ्या अभ्यासात अठरा हजारांवर कुत्र्यांची माहिती होती. कुत्र्या-कुत्र्यांतल्या वागणुकीच्या फरकापैकी जातीने समजावता आला तो सुमारे ९ टक्के. जातीचं हे असेल तर जातीतल्या रंगाचं काय बोलायचं. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे आई. आणि तीही पिल्लांपासून दूर भेटा. पिल्लं पोटाशी असताना कोणतीही आई गुरगुरेल, त्यावरून काही ठरवू नका. दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीवर ब्रीडरने तिला आणावं, तुम्ही खाली बसून तिच्याकडे न बघता गप्प राहा. एक-दोन मिनिटांत ती स्वतः येऊन हुंगते का? हातातला खाऊ घेते का? ब्रीडरला तिचा कान उलटा करून दाखवायला सांगा, मग तिच्या तोंडातलं हाड किंवा खेळणं काढून घ्यायला सांगा. हे तुम्ही करायचं नाही. ब्रीडर टाळाटाळ करायला लागला तर उत्तर मिळालं. बाप तिथे नसेल तर त्याचा चालता-बोलता व्हिडिओ आणि नोंदणीपत्र मागा, आणि आधीच्या वेतातली पिल्लं ज्यांच्याकडे गेली त्यांपैकी दोघांशी फोनवर बोला. त्यांना 'चावतो का' असं विचारू नका, लोक नाही म्हणतात. 'तोंडातला मोजा कसा काढून घेता?' असं विचारा.

पिल्लांच्या चाचण्यांवर फार भार टाकू नये. व्हिएन्नात बॉर्डर कोलींवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासात पिल्लूपणीच्या चाचणीवरून मोठेपणीचं वागणं फारसं सांगता आलं नाही. शोधक वृत्ती तेवढी थोडी टिकून राहिली. पिल्लाला उताणं दाबून धरायची जुनी चाचणी तर करूच नका, त्यातून फक्त भीती शिकवली जाते. एक साधी गोष्ट बघा: सहा-आठ फुटांवर स्टीलची वाटी पाडा. दचकणं ठीक आहे. पंधरा-वीस सेकंदांत नाक पुढे करून वाटीकडे येणारं पिल्लू शहराच्या गोंगाटात टिकतं. कोपऱ्यात जाऊन थरथरत राहणारं, रंग कोणताही असो, लहान मूल असलेल्या घराला नको. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, तेव्हा पस्तीस दिवसांचं पिल्लू 'लवकर माणसाळतं' म्हणून गळ्यात मारणाऱ्यापासून लांब राहा. भावंडांत खेळताना किती जोरात चावायचं हे पिल्लू त्याच तीन आठवड्यांत शिकतं.

घरी आल्यावरची चूक बहुतेकांची एकच असते. लसीकरण संपेपर्यंत, म्हणजे सोळा आठवड्यांपर्यंत, पिल्लू घरात कोंडून ठेवतात. जगाची ओळख होण्याचा काळ साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांचा, तो असा वाया जातो. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती खरी आहे, म्हणून जमिनीवर ठेवू नका. पण उचलून रोज पंधरा-वीस मिनिटं बाहेर न्या. गेटवर वॉचमनजवळ, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मांडीत घेऊन, रिक्षा आणि बेस्टच्या बसचे आवाज ऐकवत, शाळा सुटताना पोरांच्या गर्दीपासून दहा फुटांवर. दर नव्या गोष्टीला एक दाणा खाऊ. ढोल-ताशे आणि फटाके आधी मोबाइलवर अगदी हळू आवाजात, जेवणाच्या वेळी, चार-पाच दिवसांनी थोडा आवाज वाढवत.

कॉकर घेतलात तर त्याच्या कानांवरच त्याचा स्वभाव बराचसा अवलंबून राहील. लांब, केसाळ, खाली पडलेले कान आणि मुंबईचा पावसाळा: आत हवा जात नाही आणि यीस्ट माजतं. जेवताना कान वर बांधा, भिजून आल्यावर कानाची आतली बाजू टॉवेलने टिपून कोरडी करा, भोकाभोवतीचे केस ग्रूमरकडून दर चार-सहा आठवड्यांनी कमी करून घ्या. वास, तपकिरी मळ किंवा डोकं हलवणं दिसलं की जवळच्या व्हेटकडे किंवा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेऊन कानातल्या मळाची स्लाइड बघून घ्या. घरात उरलेले जुने थेंब कानात घालू नका. कॉकर 'अचानक' चावला अशा तक्रारीत सुजलेला कान कोणीतरी धरलेला असणं नेहमीचं आहे.

दुसरं, वस्तू हिसकावणं. कॉकरच्या तोंडातला मोजा ओढलात की पुढच्या वेळी तो तुम्हाला येताना बघूनच कडक होईल. पहिल्या दिवसापासून अदलाबदल शिकवा: त्याच्या नाकापुढे पनीर किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा, त्याने वस्तू सोडली की तुकडा द्या, आणि वस्तू सुरक्षित असेल तर परत देऊन टाका. परत देणं महत्त्वाचं, लोक तेच विसरतात. दिवसाला पाच-सहा वेळा, दोन आठवडे, आधी त्याला न आवडणाऱ्या वस्तूंवर आणि शेवटी हाडावर. मुलीने यातलं काहीही करायचं नाही. तिचे नियम दोन: जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, आणि तो सोफ्याखाली गेला की त्याला तिथेच राहू द्यायचं.

कॉकरबद्दल बोलताना 'रेज सिंड्रोम', म्हणजे अचानक येणारा संतापाचा झटका, हा शब्द ऐकून घाबरू नका. खरा, कारणाशिवाय येणारा झटका फार दुर्मीळ आहे. कुत्रा चावला तर वहीत वेळ, जागा, आधीच्या मिनिटात कोण काय करत होतं, किती वेळ चाललं आणि नंतर कुत्रा कसा होता हे लिहा. सात-आठ नोंदींत बहुतेक वेळा वाटी, सोफा, कान किंवा झोप यांतलं एक काहीतरी पुन्हा पुन्हा दिसतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, नजर हरवलेली, नंतर दोन-चार मिनिटं भांबावलेला, असं दिसलं तर ते मेंदूतल्या झटक्याचं लक्षण असू शकतं. व्हिडिओ काढून व्हेटला दाखवा.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर रंग यादीतून काढून टाका. लॅबला मोठा झाल्यावर सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर मिळून दीड तास देणारं कोणी नसेल तर तीनपैकी कोणताच रंग नको. पस्तीस किलोचा रिकामटेकडा लॅब आजीला सहज पाडेल. कॉकरला तासभर पुरेल, पण कान आणि केस यांचा खर्च दर महिन्याला धरा. सोनेरी पिल्लाची आई खोलीत येऊन तुमच्या मांडीवर डोकं ठेवत असेल आणि काळ्या पिल्लाची आई दाराआडून गुरगुरत असेल, तर सोनेरी घ्या. पैसे देण्याआधी मायक्रोचिपचा नंबर कागदावरच्या नंबरशी ताडून बघा आणि ब्रीडरकडून दोन ओळी लिहून घ्या: पहिल्या वर्षात पिल्लू ठेवणं जमलं नाही तर तो परत घेईल. लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरा ब्रीडर बघा.